पत्रिकेवर कुंकू टिकलं पाहिजे

लग्नाची पत्रिका छापायला कुणी आलं की नमुन्यांचे अल्बम काढायच्या आधी मी एक गोष्ट विचारते. कुंकू कुठं लावणार? नवरदेव बहिणीकडं बघतो, बहीण मोबाइलमधले फोटो दाखवायच्या तयारीत असते, तिला हा प्रश्न अपेक्षित नसतो. सोबतच्या आईला मात्र तो लगेच कळतो. "आमच्या पुतण्याच्या पत्रिकेवर कुंकू थांबतच नव्हतं बघा. बोट टेकवलं की घसरायचं, देवापुढं ठेवली तर सगळं ताटात," असं कितीतरी जणींनी मला सांगितलंय.

कारण साधं आहे. गुळगुळीत पत्रिकेवर लॅमिनेशन असतं, म्हणजे प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा उष्णतेनं कागदावर चिकटवलेला असतो. ओलं कुंकू कागदात मुरतं, प्लॅस्टिकमध्ये मुरत नाही. आणि आपल्याकडं पत्रिका आधी देवाला जाते. तुळजापूरची भवानी, अंबाजोगाईची योगेश्वरी, माहूरची रेणुका, माळेगावचा खंडोबा, ज्याचं जे कुलदैवत तिथं पहिली. मग गावातल्या मारुतीला, मग मामाच्या घरी. चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू लागेपर्यंत ते नुसतं छापील कार्ड असतं. म्हणून मी म्हणते, डिझाइन कुठलंही घ्या, पण बाहेरच्या पानाचे चार कोपरे उघड्या कागदाचे ठेवा. सगळं पान चकचकीत करण्यापेक्षा फक्त गणपतीवर किंवा नावांवर स्पॉट यूव्ही घ्या. त्यात वार्निशचा थर तेवढ्याच जागी बसतो, तो अतिनील दिव्याखाली सुकवतात आणि बाकीचा कागद मोकळा राहतो. चमक हवी तिथं मिळते, कुंकवाची जागाही राहते.

लातूरला गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या एका रस्त्याच्या आतल्या बोळात आमचा छापखाना आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ट्रेडल या छोट्या छपाई मशीनवर, खिळे म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून सुरुवात केली. मी कोरल या संगणकावरच्या डिझाइन प्रोग्रॅमवर शिकले. आता डिझाइन मी करते, स्क्रीन प्रिंटिंग आमच्याकडंच होतं, ऑफसेट, म्हणजे प्लेटवरून मोठ्या मशीनवर होणारी छपाई, आणि लेझर कटिंग बाहेरून करून घेते. लग्नसराईत दिवसभर गिऱ्हाइकांशी जे बोलते तेच इथं लिहितेय, कारण लोक पत्रिकेवर चांगला पैसा घालतात आणि बरेचदा तो नको त्या जागी जातो. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

आधी कागदाचं बघू. दुकानात सगळे 'जीएसएम किती' विचारतात. एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० चा असतो, पत्रिकेचा बोर्ड साधारण २५० ते ३५० चा. पण आकडा म्हणजे जाडी नव्हे. ३०० चाच एक बोर्ड दाबून गुळगुळीत केलेला असतो, दुसरा खरखरीत आणि फुगीर असतो, आणि हातात घेतला की दुसरा जाड वाटतो. त्यामुळं आकड्यावर जाऊ नका, कोरा तुकडा मागा आणि बोटांत धरून बघा. त्याच तुकड्याला घडी घालून बघा. कागद तयार होताना त्यातले तंतू मशीनच्या दिशेनं झोपतात. घडी त्या दिशेनं आली तर सुबक बसते, आडवी आली तर घडीवर रंग फुटतो आणि पांढरी रेघ दिसते. गडद मरून कार्डावर ही रेघ फार वाईट दिसते. घडीच्या जागी आधी क्रीज, म्हणजे दाबून खाच, मारून घेतली आणि ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, बघून कागद कापला तर हा प्रश्न येत नाही. छापणाऱ्याला हे विचारायला लाजू नका.

पावसाळ्याच्या तोंडावर लग्न असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. एकाच बाजूला लॅमिनेशन असलेलं कार्ड ओल्या हवेत वळतं. उघड्या बाजूनं ओलावा आत शिरतो, ती बाजू फुगते, प्लॅस्टिकची बाजू आहे तेवढीच राहते. मेमध्ये कडक उन्हात सपाट असलेला गठ्ठा पहिल्या पावसानंतर बाक धरून बसतो.

आता रंग. मुलींना पैठणीचा रानी रंग हवा असतो, आणि का नसावा, पैठण आपल्याच मराठवाड्यातलं. पण मोबाइलच्या काचेवर दिसणारा रानी उजेडाचा बनलेला असतो. ऑफसेटवर तोच रंग निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा या चार शाईंतून काढावा लागतो आणि तो मंद पडतो. खरा झळझळीत रानी पाहिजे तर त्या रंगाची वेगळी तयार शाई घ्यावी लागते, म्हणजे एक प्लेट वाढते. सोनेरीचं तर विचारूच नका. चार शाईंतून सोनेरी निघतच नाही, हळदीत माती कालवल्यासारखा रंग येतो. फाइलमध्ये जरीचा काठ किती का सुंदर दिसेना, कागदावर जरीची चमक हवी असेल तर फॉइल, म्हणजे चकाकणारी पन्नी, किंवा सोनेरी शाई, दुसरा मार्ग नाही.

काठावरून आठवलं. पैठणीच्या डिझाइनच्या तयार फाइली बाजारात खूप फिरतात, त्यातले मोर गोलसर, गुळगुळीत वळणांचे काढलेले असतात. पैठणीवरचा मोर तसा नसतो. तो मागावर धाग्याधाग्यानं भरलेला असतो, त्यामुळं त्याची कड बारीक पायऱ्यांनी चढते-उतरते. बांगडी मोर, मुनिया, आसावली, नारळी काठ, काहीही घ्या, ती पायरी गेली की पैठणी गेली. मी खऱ्या पदराचा फोटो समोर ठेवून चौकटी मोजत काढते. वेळ लागतो. पण घरातल्या बायका पत्रिका हातात घेतल्या घेतल्या ओळखतात. संभाजीनगरच्या हिमरू कापडाची वेलबुट्टीही अशीच वापरता येते, लिफाफ्याच्या आतल्या अस्तराला ती फार शोभते. आणि हे एकरंगी, फिक्या शाईत छापलं तरी चालतं, खर्च वाढत नाही.

अक्षरांवर मला जास्त लिहायचंय, कारण पत्रिका शेवटी वाचायची वस्तू आहे. 'शुभविवाह' हा मथळा श ने सुरू होतो, 'लग्न' ल ने. नेमकी हीच दोन अक्षरं मराठीत आणि हिंदीत वेगळ्या वळणाची आहेत. आपला ल दोन पाकळ्यांचा, हिंदीतला उभ्या दंडाचा. श चं वळणही आपलं निराळं. महाराष्ट्र शासनानं २००९ मध्ये वर्णमालेचा निर्णय काढला तेव्हा ही मराठी वळणं ठरवून दिली. फुकट मिळणारे कितीतरी फॉन्ट हिंदी वळणाचे असतात आणि लग्नाची सगळी पत्रिका परक्या अक्षरात जाते. फॉन्ट निवडताना त्यात ल, श आणि 'ऱ्या' टाइप करून बघा. 'दुसऱ्या', 'सोयऱ्यांसह' यातला तो अर्धा र जागेवर बसत नसेल तर फॉन्ट बदला.

दुसरी अडचण बदललेल्या फाइलींची. गिऱ्हाईक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतं, तो युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाइल-संगणकावर सगळीकडं चालणाऱ्या पद्धतीत, असतो. बऱ्याच छापखान्यांत अजून श्रीलिपीसारखे वेगळ्या पद्धतीचे जुने फॉन्ट आणि कोरलच्या जुन्या आवृत्त्या चालतात. एकातून दुसऱ्यात मजकूर नेताना जोडाक्षरं तुटतात, 'लक्ष्मीबाई'चा 'क्ष्मी' सुटा होतो, 'ज्ञानोबा'चा 'ज्ञा' बिघडतो. मूळ मजकूर बरोबर होता म्हणून छापलेला बरोबर येईल असं समजू नका. बदलल्यावर पहिल्यापासून पुन्हा वाचा.

फॉइल करायचं असेल तर अक्षर जरा जाड आणि मोकळं घ्या. गरम फॉइलला धातूचा ब्लॉक करतात, तो तापवून पन्नी कागदावर दाबतात आणि ब्लॉकच्या उठलेल्या भागाखालची पन्नी तेवढी कागदाला चिकटते. बारीक अक्षरात ष, ण, द्ध यांच्या पोटातली मोकळी जागा पन्नीनं भरून जाते आणि 'उद्धव' वाचताच येत नाही. उलट शिरोरेषा फार बारीक ठेवली तर ती मध्येच तुटते. म्हणून फॉइल दोन नावांना आणि गणपतीला, बाकी मजकूर शाईत. पत्रिका पन्नास-शंभरच असतील तर डिजिटल फॉइल परवडतं. त्यात आधी टोनरनं, म्हणजे लेझर प्रिंटरच्या पुडीच्या शाईनं, छापतात आणि पन्नी त्या टोनरला चिकटते, ब्लॉकचा खर्च वाचतो. पण गरम ब्लॉकनं कागदाला जो किंचित खोलगटपणा येतो, बोटाला लागतो, तो यात नाही.

लेझर कटिंगची हौस गेल्या काही वर्षांत खेड्यापाड्यांत पोचली आहे. त्यात देवनागरीची एक गंमत आहे, ती मला फार आवडते. इंग्रजी नावाची अक्षरं सुटी असतात, कापली की वेगवेगळी पडतात, त्यांना जोडायला खाली पट्टी द्यावी लागते. आपली शिरोरेषा सगळं नाव धरून ठेवते. 'वैष्णवी' कापलं की वरच्या रेघेला सगळी अक्षरं लटकून एकसंध राहतात. पण अनुस्वार पडतो! 'चि. सौ. कां.' मधला टिंब सुटा असतो, 'संतोष'चाही. त्याला शिरोरेषेशी बारीक दांडी देऊन जोडावं लागतं, आणि ती दांडी डोळ्यांना खुपणार नाही इतकी पातळ, पण तुटणार नाही इतकी जाड पाहिजे. पूर्णविरामाचे टिंबही तसेच, म्हणून 'चि.' कापायच्या भानगडीत पडू नये, ते छापावं. अजून एक, लेझर कागद जाळून कापतो. पांढऱ्या कार्डाची कड तपकिरी होते, मागं धुराचा डाग राहतो. मरून, हिरवा, मोरपंखी अशा गडद कार्डावर हे लपतं.

लेटरप्रेसची, म्हणजे उठावाची अक्षरं कागदावर दाबून छापायची, पद्धत पुण्या-मुंबईत परत आली आहे. जाड, मऊ कापसाच्या कागदावर अक्षरं खोल रुतलेली, हात फिरवला की कळणारी. एका मुलीनं तसा नमुना आणून अण्णांना दाखवला. अण्णांनी तो उलटा करून मागची बाजू बघितली. त्यांच्या काळात शिसं, कथील आणि अँटिमनीचे खिळे जुळवून छापताना दाब असा ठेवायचे की शाई बसावी आणि मागून उठाव दिसू नये. उठाव दिसला तर तो दोष. खिळा झिजतो, कागद फाटतो, मालक बोलतो. आता लोक त्याच उठावाचे जास्त पैसे देतात. अण्णांना त्याचं नवल वाटलं, पण ते म्हणाले, "कागद चांगला जाड आहे, सोसतोय. करू द्या त्यांना." मलाही ते आवडतं. मात्र हा उठाव आता सहसा खऱ्या खिळ्यांनी काढत नाहीत. आज त्यासाठी फोटोपॉलिमर या प्लॅस्टिकची प्लेट करतात, म्हणून कुठलाही फॉन्ट, कुठलीही नक्षी चालते.

स्क्रीन प्रिंटिंग हे माझं आवडतं काम. ताणून बसवलेली जाळी, तिच्यावर प्रकाशानं कडक होणारा इमल्शनचा थर, वर मजकुराचं पॉझिटिव्ह, म्हणजे पारदर्शक फिल्मवर काळी अक्षरं, आणि वरून उजेड. उजेड लागला तिथं थर घट्ट होतो, अक्षराखाली मऊ राहतो आणि पाण्यानं धुतला की निघून जातो. मग त्या मोकळ्या जागेतून स्क्वीजीनं, म्हणजे रबराच्या पट्टीनं, शाई कागदावर उतरवायची. शाईचा थर इतका भरीव बसतो की गडद कार्डावर सोनेरी अक्षर उठून दिसतं, ऑफसेटला ते जमत नाही. आपल्या भागातल्या बहुतेक पत्रिका अशाच होतात. तयार कोरी कार्डं आणायची आणि मजकूर स्क्रीननं मारायचा. एप्रिलमध्ये लातूरच्या उन्हानं मात्र शाई जाळीतच वाळते, बारीक मात्रा गळायला लागतात, म्हणून आम्ही शाईत ती सावकाश वाळवणारं रिटार्डर घालतो आणि नाजूक काम सकाळी लवकर उरकतो. छापलेली कार्डं एकावर एक ठेवता येत नाहीत, मागं डाग पडतो. त्या दिवसांत घरातली प्रत्येक खाट, प्रत्येक सतरंजी पत्रिकांनी भरलेली असते आणि लेकरांना उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही.

हजारांच्या वर पत्रिका असतील, फोटो असतील, तर ऑफसेट. प्लेटचा आणि मशीन लावण्याचा खर्च एकदाच होतो, मग संख्या वाढेल तशी एकेक पत्रिका स्वस्त पडते. फक्त बारीक मजकूर चार रंगांतून काढलेल्या मरूनमध्ये ठेवू नका. रंग केसभर हलला तरी मात्रांना सावली येते. मजकूर एकाच शाईत घ्या.

आता मजकूर. शहरांतली नवी पत्रिका म्हणजे दोन नावं, तारीख, जागा, भोवती भरपूर पांढरी जागा. दिसायला छानच असते. आमच्याकडं येणारा नवरदेवही तसंच मागतो, आणि त्याच्या मागं उभे असलेले चुलते कागद पुढं करतात. त्यात आजोबांच्या नावामागं कै., मग श्री व सौ., ज्येष्ठ चिरंजीव, कनिष्ठ चिरंजीव, मूळ गाव आणि ह. मु., मामा, आत्या, मेहुणे, निमंत्रक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक आणि शेवटी 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या चिल्ल्यापिल्ल्यांची रांग. "काय करायलाव ताई, एवढी नावं कशी बसवायलाव?" असं काकांनाच वाटतं, पण एक नाव काढायची त्यांची तयारी नसते. आणि ती नसावीच. भावकीत कुणाचं नाव राहिलं तर ते वर्षानुवर्षं बोललं जातं. माझं मत पक्कं आहे: नावं कमी करू नका, पान वाढवा. बाहेरचं कार्ड नवरा-नवरीच्या आवडीचं, मोकळं, दोन नावांचं. आत ९० जीएसएमच्या साध्या कागदाचं घडीचं पान, एका शाईत, सगळ्या नावांसाठी. खर्च थोडा वाढतो, घरातलं भांडण मिटतं. आणि त्या आतल्या पानाचं अक्षर मोठं ठेवा, म्हाताऱ्या माणसाला चष्म्याशिवाय आपलं नाव सापडलं पाहिजे.

पत्रिकेच्या माथ्यावरून घर कळतं. कुठं गणपती आणि कुलदैवत, कुठं महात्मा बसवेश्वर, कुठं जिजाऊ-शिवराय, कुठं तथागत बुद्ध आणि बाबासाहेब. बौद्ध घरांची पत्रिका 'मंगल परिणय' अशी असते, त्यात मुहूर्ताची घटिका नसते, वेळ असते, आणि पांढऱ्या-निळ्या रंगाला मान असतो. अशा कुठल्याही पत्रिकेत मी एक नियम पाळते. चेहरा घडीवर येऊ देत नाही आणि प्रतिमा लिफाफ्यावर छापत नाही. लिफाफा फाडला जातो, पायाखाली येतो. ज्यांच्याबद्दल आदर आहे त्यांची जागा आत. मुस्लिम घरांतही हाच विचार असतो, म्हणून काही जण बिस्मिल्लाह पूर्ण न लिहिता ७८६ लिहितात.

उर्दूचा विषय निघालाच आहे तर, मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. इथल्या जुन्या माणसांचं शिक्षण उर्दूतून झालेलं, आणि आजही निकाहची पत्रिका उर्दूत हवी असणारी घरं भरपूर आहेत. नांदेड, लातूर, बिदरकडची मंडळी चांगल्या उर्दू अक्षरासाठी अजून हैदराबादच्या छत्ता बाजारात जातात. तिथं खुशखत, म्हणजे सुंदर वळणदार उर्दू अक्षर, लिहिणारे आणि पत्रिका छापणारे शेजारीशेजारी बसतात. इथं आम्ही इनपेज या उर्दूच्या सॉफ्टवेअरवर मजकूर जुळवतो. उर्दू पत्रिका उजवीकडून उघडते, मराठी डावीकडून. दोन्ही भाषा एका कार्डात घ्यायच्या तर एका बाजूनं उर्दू, दुसऱ्या बाजूनं मराठी सुरू करायची आणि मधल्या पानावर जागा आणि वेळ दोन्हीत एकत्र द्यायची. ही रचना मला सगळ्यात देखणी वाटते.

एक गोष्ट मी सगळ्यांना ठामपणे सांगते, मग गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल. पत्रिका छापण्याआधी मी दोघांच्या वयाचा पुरावा बघते. मुलीला १८, मुलाला २१. बालविवाह प्रतिबंध अधिनियम २००६ चा आहे, आणि असा विवाह लावणाऱ्याला, त्याला मदत करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. आपल्याकडं ऊसतोडीला जाणारी कुटुंबं सहा-सहा महिने गावाबाहेर असतात, वयात आलेली पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची म्हणून तिचं लग्न उरकतात. त्यांची काळजी मला कळते. तरीही शाळेतल्या मुलीचं नाव मी सोनेरी अक्षरात छापणार नाही. छापखान्यांनी सगळ्यांनी मिळून दाखला मागितला, तर निदान एक दार तरी बंद होईल. लग्न जमवणाऱ्याला तिथं थांबून विचार करावा लागेल.

मोबाइलवरच्या पत्रिकेबद्दल लोक मला विचारतात, तुमचा धंदा बसला का. २०२० मध्ये लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली तेव्हा सगळ्यांनी डिजिटल पत्रिका शिकून घेतली आणि ती राहिली. पुण्यात, बंगळुरूत असलेल्या मित्रांना ती पाठवा, अगदी योग्य. पण गावात घरी जाऊन, कुंकू लावून, हातात पत्रिका दिल्याशिवाय आमंत्रण झालं असं कुणी मानत नाही. त्यामुळं दोनशे छापील आणि बाकी मोबाइलवर, असं आता बरीच घरं करतात. मग त्या दोनशेंचा कागद चांगला घेता येतो. एकच खबरदारी, मोठ्या खोक्याची पत्रिका घेऊ नका. आपल्याकडं पत्रिका मोटारसायकलवरून वाटल्या जातात, खोकी पिशवीत मावत नाहीत आणि कोपरे चेपतात.

छापील पत्रिकेवर नकाशाचा क्यूआर कोड जरूर घ्या. किमान दोन सेंटिमीटरचा, पांढऱ्यावर गडद शाईत, चारी बाजूंना मोकळी जागा सोडून. फॉइलमध्ये करू नका, सोनेरी चमकेवर मोबाइलला तो वाचता येत नाही. गावाबाहेरच्या मंगल कार्यालयांची खूण नकाशावर कित्येकदा भलत्याच शेतात असते, तेव्हा छापण्याआधी एकदा स्वतः त्या खुणेवर जाऊन या.

बाकीची छपाई, म्हणजे आहेराची पाकिटं, मंगलाष्टकांची घडीपत्रं, पानसुपारीच्या पिशव्यांवरची चिठ्ठी, पत्रिकेच्याच फॉन्टात आणि रंगात घ्या, एवढंच.

ज्यांना खरंच वेगळं काही हवं असतं, त्यांना मी कागजीपुऱ्याचा कागद सुचवते. दौलताबाद-खुलताबादच्या वाटेवरचं हे गाव. मुहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली, तेव्हापासून इथं कागद होतो असं तिथं सांगतात. चिंध्या कुजवून, कुटून, लगदा करून साच्यावर एकेक ताव उचलतात, त्यामुळं कड कापलेली नसते, तंतूंची असते. त्यावर स्क्रीन सुंदर बसतं, लेटरप्रेसही. लेझर प्रिंटर मात्र टाळा, खडबडीत पृष्ठावर टोनर सारखा बसत नाही. बियाणं घातलेला कागद मागत असाल तरी हेच. गरम रोलरखालून गेलं तर बी उगवायची आशा राहत नाही, स्क्रीननं हलक्या हातानं छापलेलं बरं. अशा कागदावर हळदीकुंकू लावलं की ते तंतूंत शिरतं आणि कधी पुसलं जात नाही. दूरच्या शहरातून मागवलेल्या महागड्या कागदापेक्षा आपल्या भागातला हा कागद मला हजारदा जवळचा वाटतो.

वेळेचं सांगायचं तर, तुळशीचं लग्न लागलं की छापखाने भरतात आणि ज्येष्ठापर्यंत उसंत नसते. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. त्या दिवसांत लग्नं होणार नाहीत, म्हणून एप्रिल आणि मेच्या सुरुवातीला गर्दी होणार. ज्यांच्या तारखा तेव्हाच्या आहेत त्यांनी कागद तरी आत्ताच ठरवून ठेवावा. लग्नाच्या महिनाभर आधी पत्रिका हातात पाहिजे, वाटायलाच तेवढे दिवस लागतात. लिफाफे पत्रिकांपेक्षा थोडे जास्त सांगा, नावं लिहिताना काही वाया जातात. आणि प्रूफ वाचायला नवरदेवाला बसवू नका, त्याचं लक्ष दोनच नावांवर असतं. घरातल्या थोरल्या आत्याला बसवा. कुणाच्या नावाआधी कै. लागतं, कुणाची सून कुठल्या गावची, कुठला भाऊ हल्ली कुठं राहतो, हे सगळं तिला तोंडपाठ असतं. तिनं कागदावर पेननं सही केली की मगच मी जाळी तयार करायला घेते.